“बाई, मग आता प्रभू धरत नाही का?”

एका शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात:

नगर जिल्ह्यातल्या एका गावी, मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, चालवलेल्या अनुदानित मराठी शाळेत त्या आठवी-नववीला विज्ञान शिकवतात. रविवारी उपासना सुटली की मोठ्या मुलांचा संडे स्कूलचा वर्गही त्याच घेतात. यंदा पाळकसाहेबांनी त्यांच्या हातात एक पुस्तिका ठेवली: विज्ञान ‘ख्रिस्ती दृष्टीने’ कसं शिकवावं, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. द्रव्याच्या प्रत्येक धड्याला तिच्यात बायबलचं एक वचन जोडलेलं आहे. अणुकेंद्रकाला जोडलंय कलस्सैकरांस पत्र 1:17. केंद्रकातले धनप्रभारित प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तरी केंद्रक फुटत नाही. का फुटत नाही हे विज्ञानाला ठाऊक नाही. पण ख्रिस्ताच्या ठायी सर्व काही टिकून आहे, हे त्याचं उत्तर. बाईंनी संडे स्कूलमध्ये ते जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या रविवारी नववीतला एक मुलगा मोबाइलवर ‘प्रबल केंद्रकीय बल’, म्हणजे केंद्रक बांधून ठेवणारं बल, याबद्दल वाचून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “बाई, मग आता प्रभू धरत नाही का?” बाईंना उत्तर सुचलं नाही.

त्या लिहितात: “पुस्तिका बाजूला ठेवावी तर देवालाच वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतं. वापरावी तर मुलं हसतील. त्यात पाळकसाहेबांना हीच पद्धत शाळेच्या तासालाही हवी आहे. काय करू?”

ताई,

आधी त्या मुलाचं बघू, बाकीचं नंतर. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडी नाराजी जाणवली. मला तर त्याचं कौतुक वाटलं. वाचलेलं त्याला मनात ठेवता आलं असतं. ‘बाई काहीही सांगतात’ असं ठरवून पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर बसता आलं असतं, आणि दहावीनंतर चर्चला येणंही बंद करता आलं असतं. तो तुमच्याकडे आला. प्रश्न त्याने सगळ्यांसमोर विचारला, तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोर द्या. सुरुवात अशी करा: “मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकीचं होतं.” एवढ्या एका वाक्याने तुमची किंमत कमी होईल अशी भीती वाटत असेल तर माझं ऐका. मी वसईत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ते वाक्य मलाही म्हणावं लागलेलं आहे.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पाण्याचं असंगत आचरण शिकवताना मी रंगात आलो. पाणी गोठताना प्रसरण पावतं, बर्फ तरंगतो, खाली मासे जगतात. जगात असा दुसरा पदार्थच नाही, देवाने एकट्या पाण्यासाठी नियमाला अपवाद केला, असं ठोकून दिलं. एका मुलाचे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, बाबा म्हणतात खिळ्याच्या धातूत अँटिमनी घालतात, थिजताना आकसू नये म्हणून.” खरंच होतं. अँटिमनी थिजताना फुगतो. बिस्मथ, गॅलियम आणि सिलिकॉनही फुगतात. पाण्याचं नवल त्याने काही कमी होत नाही, पण माझा ‘एकमेव अपवाद’ तिथेच बुडाला. त्या दिवशी देव खोटा पडला नाही. मी त्याच्या नावावर एक चुकीची माहिती खपवली होती, ती उघडी पडली.

तुमच्या पुस्तिकेचंही तेच झालंय. रदरफर्ड या शास्त्रज्ञाने 1911 मध्ये केंद्रक दाखवून दिलं तेव्हा ते कशाने बांधलेलं आहे हा प्रश्न खराच होता. 1935 मध्ये हिदेकी युकावा या जपानी शास्त्रज्ञाने त्या बलाचा वाहक असलेला एक कण असावा असं मांडलं. 1947 मध्ये तसा कण, म्हणजे पायॉन, सापडला. पुढे प्रोटॉनच्याही पोटात क्वार्क नावाचे आणखी लहान कण आहेत आणि त्यांना ग्लुऑन नावाचे कण जोडून ठेवतात हे कळलं. ग्लुऑनचा पुरावा 1979 मध्ये हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत मिळाला. म्हणजे ‘विज्ञानाला ठाऊक नाही’ हे वाक्य कित्येक दशकं शिळं आहे. मुलाने ते मोबाइलवर दोन मिनिटांत शोधलं यात त्याचा काय दोष?

शिवाय हे बल पुस्तिकेतल्या कल्पनेसारखं घट्ट आणि अढळही नाही. त्याचा पल्ला फार तोकडा, जवळजवळ प्रोटॉनच्या आकाराएवढाच. शेजारच्याला आवळतं, पलीकडच्यापर्यंत पोचत नाही. विद्युत प्रतिकर्षण मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. म्हणून केंद्रक मोठं होत गेलं की डळमळतं. शिशाचा अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या, 82. त्याच्या पुढच्या एकाही मूलद्रव्याचं केंद्रक कायम टिकणारं नाही. फार लांब कशाला, तुमच्या-माझ्या शरीरात पोटॅशियम आहे आणि त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी आहे. प्रौढ माणसाच्या अंगात दर सेकंदाला त्याची साधारण चार हजार केंद्रकं बदलून जातात. ख्रिस्त म्हणजे केंद्रकातला डिंक, असं धरलं तर सेकंदाला चार हजार वेळा त्याची पकड सुटते म्हणायचं का? हे मी टिंगलीने विचारत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याने हा विचार करायला हवा होता.



आता वचन स्वतः उघडून वाचा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘सर्व काही’ म्हणतो. त्यात केंद्रक आलं, ते बांधणारं बल आलं, केंद्रकाचं फुटणं आलं, तुमच्या चुलीवरची डाळ आणि शाळेच्या छपराचा पत्राही आला. ते विधान केंद्रकाच्या एका न सुटलेल्या गणितापुरतं आणून ठेवलं की वचन मोठं होत नाही, लहान होतं. आणि गणित सुटलं की वचन बेकार होतं. मुलाच्या प्रश्नातला ‘आता’ हा शब्द तोच आहे. काल धरत होता, आज बल सापडलं, आता धरत नाही का? त्याने तुमच्या पुस्तिकेचंच तर्कशास्त्र पुढे नेलं. त्याला सांगा, प्रभू धरतो म्हणजे बलाच्या जागी धरतो असं नाही. हातात विळा आहे म्हणून कापणी शेतकऱ्याने केली नाही, असं आपण म्हणत नाही ना?

हा मोह मोठमोठ्यांना झालाय. जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांचा कर्ता आणि मनापासून श्रद्धावान ख्रिस्ती. 1873 मध्ये ब्रॅडफर्डच्या व्याख्यानात तो म्हणाला, की हायड्रोजनचा प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा तंतोतंत, त्यात झीज नाही, वाढ नाही, निसर्गातल्या कोणत्याही क्रियेने तो घडताना दिसत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालासारखा. त्यावरून तो निर्मात्याकडे वळला. पुढच्या पन्नास वर्षांत काय झालं? एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू सापडले, आपण त्यांना समस्थानिकं म्हणतो. रदरफर्डने नायट्रोजनचं केंद्रक फोडून दाखवलं. पुढे जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात घडतात हेही कळलं. मॅक्सवेलचा तो दाखला आज कोणी वापरत नाही.

पण याच मॅक्सवेलचं एक पत्र आहे, आणि ते तुम्ही पाळकसाहेबांना नक्की सांगा. 1876 मध्ये एका बिशपने त्याला विचारलं: बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात सूर्याच्या आधी प्रकाश आहे, तर तो प्रकाश म्हणजे विज्ञानातला ईथर (ज्यातून प्रकाश जातो असं तेव्हा मानत ते माध्यम) म्हणता येईल का? मॅक्सवेलने नम्रपणे हात आखडता घेतला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: विज्ञानातले तर्क फार भराभर बदलतात, पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, अर्थ तेवढे भराभर बदलत नाहीत, अशा तर्कावर अर्थ उभारला तर कधीच पुरायला हवा होता तो तर्क त्या अर्थापायी उगाच जमिनीवर राहील. आणि ईथर खरोखरच गेला. मायकेल्सन आणि मोर्ली यांना 1887 मध्ये त्याचा माग लागला नाही, 1905 मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच संपवली. त्या बिशपने मॅक्सवेलचं न ऐकता प्रवचन छापलं असतं तर आज ते तुमच्या पुस्तिकेशेजारी शोभलं असतं.

आता तुमचं ते वाक्य, ‘देवाला वर्गाबाहेर काढल्यासारखं’. त्यात असं गृहीत आहे की वचन म्हटलं की देव आत, नाही म्हटलं की बाहेर. खरंच असं आहे का? तुमच्या आईने भाकरी थापताना वचनं म्हटली नाहीत, म्हणून ती भाकरी नास्तिकाची झाली का? जॉन डाल्टन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, साधा, भाविक माणूस. अणुसिद्धांत मांडताना त्याने वजनं मांडली, वचनं नाहीत. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकास एक असं त्याने धरलं, ते साफ चुकलं. त्याच्या भक्तीने ते सुधारलं नाही. इतरांनी आणखी नीट मोजलं, तेव्हा सुधारलं.

मग ख्रिस्ती दृष्टी म्हणून द्रव्याबद्दल काही आहेच की नाही? आहे, आणि पुस्तिकेपेक्षा जुनी आहे. द्रव्य चांगलं आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव पुन्हा पुन्हा बघतो आणि चांगलं म्हणतो. पहिल्या शतकांत देहाला आणि जडाला ओंगळ मानणारे पंथ होते. मंडळीने त्यांना नकार दिला, कारण ‘शब्द देही झाला’, म्हणजे देव माणूस झाला, असं म्हणणाऱ्याला देह ओंगळ म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे द्रव्य देव नाही. त्याला हात लावता येतो, ते जाळता, विरघळवता, मोजता येतं. आणि तिसरं मला सगळ्यात आवडतं. देवाने सृष्टी आपल्या मर्जीने केली, तशीच करणं त्याला भाग नव्हतं, असं मानलं की ती कशी आहे हे नुसतं डोळे मिटून ठरवता येत नाही. बघावं लागतं. रॉबर्ट बॉइलसारख्या माणसाला प्रयोगाकडे नेणाऱ्या कारणांत हेही एक होतं. हा बॉइल म्हणजे तुमच्या पुस्तकातला दाब-आकारमानाच्या नियमाचाच. त्याने बायबलच्या भाषांतरांना स्वतःचे पैसेही दिले. गंमत म्हणजे अणूची कल्पना आधी मंडळीला संशयास्पद वाटायची, कारण जुने ग्रीक अणुवादी अणू अनादि मानत आणि जगाचा कारभार योगायोगावर सोडत. सतराव्या शतकात प्येर गासेंदी या कॅथलिक धर्मगुरूने अणू देवानेच निर्माण केले असं म्हणून ती कल्पना घरात घेतली. तेव्हा ‘ख्रिस्ती दृष्टी’ म्हणून काल जे नाकारलं तेच आज पुस्तिकेत येतं, हेही मुलांना कळू द्या.

बायबलमध्ये अणू शोधायच्या नादाला मात्र लागू नका. इब्री 11:3 मध्ये दिसणारं न दिसणाऱ्यापासून झालं आहे म्हणून तो अणू, 2 पेत्र 3 मध्ये सृष्टितत्त्वं तापून लयाला जातील म्हणून तो अणुबॉम्ब, हे सगळं मी प्रवचनात ऐकलंय. मुलांना शोधायचीच हौस असेल तर एक खरी गंमत द्या. ‘अटोमॉस’, म्हणजे न कापता येणारं, हा ग्रीक शब्द नव्या करारात एकदा येतो: 1 करिंथ 15:52. तिथे तो पदार्थाबद्दल नाही, काळाबद्दल आहे. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा क्षण! आपल्याकडे तिथे ‘क्षणात’ वाचतो तो शब्द.

पवित्र शास्त्रात खरोखर द्रव्य आहे ते कारागिरांच्या हातचं, आणि तेवढं संडे स्कूलला वर्षभर पुरेल. ईयोबाचा 28वा अध्याय काढा: लोखंड जमिनीतून काढतात, दगड वितळवून तांबं मिळवतात, माणूस अंधारात खाण खणत जातो, आणि मग प्रश्न येतो, ज्ञान कुठल्या खाणीत मिळतं? धातू-अधातूच्या धड्याला याहून चांगलं काय हवं? यिर्मया 6:29 मध्ये भाता फुंकतात, शिसं जळून जातं, तरी रुपं (चांदी) शुद्ध होत नाही. रुप्यात शिसं मिसळून तापवायचं, शिशाचं ऑक्साइड होऊन मळ बाहेर काढायचा, ही त्या काळची खरी रीत. शिसं 327 अंशांना वितळतं, रुपं 962 ला. संदेष्ट्याला आकडे ठाऊक नव्हते, पण भट्टीशेजारी तो उभा राहिलेला दिसतो. नीतिसूत्रे 25:20 मध्ये दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे खारावर शिरका ओतणं. काही भाषांतरांत तिथे जखम आहे, पण हिब्रू शब्द खाराचा, म्हणजे कार्बोनेटचा. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओता आणि मुलांना फेस बघू द्या. उपमा मग समजवावी लागत नाही.

आणि नीतिसूत्रे 11:1 विसरू नका, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट. द्रव्य अक्षय्यतेचा प्रयोग करताना आधी शंभर ग्रॅम आणि नंतर 98.7 भरतं, आणि मुलगा वहीत शंभर लिहितो, कारण उत्तर शंभर यायला हवं. तो आकडा खोडायला लावा. 98.7 लिही, आणि वायू कुठून निसटला ते शोध. मला विचाराल तर अख्ख्या प्रयोगशाळेत हा एक तास सगळ्यात ख्रिस्ती आहे, आणि त्यात वचन उच्चारावंही लागत नाही. शाळेच्या तासालाही तो जसाच्या तसा चालतो.

शाळेचं बोलायचं तर तिथे माझं मत ठाम आहे: पुस्तिका नको. मंडळीला शाळा चालवायचा हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिलाय, पण 28(3) कलम म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो वयाने अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. विज्ञानाचा तास सगळ्यांना सक्तीचा. त्यात वचनं घातली की तो तास धर्मशिक्षणाचा झाला असं कोणीही म्हणू शकेल. तुमच्या वर्गात कोणाकोणाची मुलं बसतात ते तुम्हालाच माहीत. दुसऱ्या कुठल्या शाळेत अणूच्या धड्याला दुसऱ्या धर्माची वचनं जोडून ती तुमच्या लेकराकडून पाठ करून घेतली तर तुम्हाला कसं वाटेल, एवढं बघा. कणाद आणि डाल्टन यांची नावं इतिहास म्हणून येतात तशी येऊ द्या, पुढे अभ्यासक्रम.

पाळकसाहेबांशी भांडू नका. त्यांना मुलं गमवायची भीती आहे, आणि ती खोटी नाही. ‘पुस्तिका चुकीची आहे’ असं सुरू केलंत तर ते पुस्तिकेची बाजू घेतील. त्या मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत सांगा आणि विचारा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मग मॅक्सवेलचं पत्र. मग त्यांना पुढच्या रविवारी वर्गात बोलवा, बसायला नाही, मदतीला. कारण तुम्ही मीठ करणार आहात.

मत्तय 5:13, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात. कोणीतरी हुशार मूल विचारतंच: सोडियम क्लोराइडचा खारटपणा जाईल कसा? तो जात नाही. पण मृत समुद्राकाठचं मीठ निव्वळ मीठ नव्हतं, त्यात जिप्सम आणि इतर क्षार मिसळलेले असत. ओल लागली की मीठ विरघळून वाहून जातं आणि पांढरा, बेचव गाळ उरतो, दिसायला मिठासारखाच. असा उलगडा बरेच अभ्यासक देतात. आमच्या मिठागरांत हे उलट्या क्रमाने बघायला मिळतं: समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात आटवत नेतात, आधी जिप्सम बसतं, मग मीठ. शंभर मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळतं, जिप्सम जेमतेम पाव ग्रॅम. सगळी गंमत या फरकात आहे.

फळ्याचा साधा खडू बहुधा जिप्समचाच असतो. दोन खडू कुटा, तेवढंच जाडं मीठ मिसळा, आणि ते फडक्यात घेऊन वरून थोडं थोडं पाणी सोडा. खाली गळेल ते स्टीलच्या ताटलीत घ्या, उन्हात ठेवा. पाणी आटत गेलं की कडेला खडे धरू लागतील. भिंग असेल तर त्यांचे चौकोनी कोपरे दिसतात. सोडियम आणि क्लोरीनचे आयन आळीपाळीने रांगेत बसतात, म्हणून तो चौकोन. त्या मुलाला भिंग आधी द्या. फडक्यातला गाळ कोणी चाखायचा नाही, तेवढं बजावा. मीठ दुकानातलं बारीक घेऊ नका. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या पदार्थांनी पाणी गढूळ होतं. आणि फडकं दुपदरी घ्या, नाहीतर खडूही खाली येतो.